विश्लेषण : जलपर्णी दरवर्षी काढतात, मग ती दरवर्षी परत कशी येते?

तलावात बाहेरची वनस्पती किंवा मासा एकदा स्थिरावला की त्याला पूर्णपणे हटवणे जवळपास अशक्य असते. तरीही महापालिकांचा खर्च काढण्यावर होतो, शिरकाव रोखण्यावर नाही. पुण्याचे नदीपात्र, पवई तलाव, उजनी जलाशय आणि घराघरांतल्या फिशटँकचा एकमेकांशी काय संबंध आहे?

थंडी ओसरू लागली की पुणे-पिंपरीतील पवना, इंद्रायणी आणि मुळा-मुठेचे पात्र हिरवे होऊ लागते. मार्चपर्यंत काही ठिकाणी पाणी दिसेनासे होते, डास वाढतात, नागरिकांच्या तक्रारी सुरू होतात. मग निविदा, पोकलेन, डंपर आणि काठावर कुजणारे ढीग. जे काढायचे राहते ते पावसाळ्यात पुराबरोबर पुढच्या गावाला जाते. पुढच्या हिवाळ्यात पहिल्यापासून सुरुवात.

नावे गावागणिक वेगळी आहेत. पुण्या-मुंबईत जलपर्णी, नाशिककडे पाणवेली, कोल्हापूर भागात केंदाळ. वनस्पती एकच. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या जैवविविधताविषयक आंतरशासकीय मंचाने (आयपीबीईएस) सप्टेंबर 2023 मध्ये आक्रमक परक्या प्रजातींचा जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. जगात सर्वाधिक ठिकाणी पसरलेली आक्रमक प्रजाती म्हणून त्यात पहिले नाव जलपर्णीचे आहे. दुसऱ्या क्रमांकावर घाणेरी. म्हणजे पहिल्या दोन्ही महाराष्ट्राच्या चांगल्याच ओळखीच्या.

परकी आणि आक्रमक यात फरक काय?

बाहेरून आलेले सगळे वाईट नसते. बटाटा, टोमॅटो, मिरची हे सगळे परकेच. माणसाच्या हाताने नव्या प्रदेशात पोहोचलेली, तिथे स्वतःहून वाढू लागलेली आणि स्थानिक जिवांना किंवा माणसाच्या व्यवहाराला मारक ठरणारी प्रजाती आक्रमक मानली जाते. आयपीबीईएसच्या अहवालानुसार माणसाने जगभर 37 हजारांहून अधिक परक्या प्रजाती नव्या ठिकाणी नेऊन पोहोचवल्या. त्यांतील 3,500 हून अधिक उपद्रवी ठरल्या. 2019 मध्ये त्यांच्यामुळे झालेला आर्थिक भार वर्षाला 423 अब्ज डॉलरहून अधिक होता.

तलावांबाबत प्रश्न अधिक बिकट होतो. जंगलातले झुडूप निदान दिसते. पाण्याखाली काय चालले आहे, हे बहुतेक वेळा जाळ्यात काही विचित्र सापडेपर्यंत कळत नाही. शिवाय तलाव ही बंदिस्त जागा असते. तिथल्या माशांना पळून जायला दुसरीकडे वाट नसते.

जलपर्णी भारतात आली कशी?

फुलासाठी. दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉन खोऱ्यातली ही वनस्पती तिच्या फिकट जांभळ्या तुऱ्यांमुळे एकोणिसाव्या शतकात बागांमधून जगभर गेली. त्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये पोहोचली आणि काही दशकांतच तिथल्या नद्या, खाड्या आणि भातशेतीत पसरली. नावा अडकू लागल्या, भात बुडू लागला. 1936 मध्ये बंगालला जलपर्णीविरोधात स्वतंत्र कायदा करावा लागला. 1937 च्या प्रांतिक निवडणुकीत तिचे उच्चाटन हा प्रचाराचा मुद्दा होता. म्हणजे जलपर्णीवरून होणारे राजकारण पुणे-पिंपरीच्या महापालिका सभागृहांत जन्मलेले नाही, त्याला जवळपास नव्वद वर्षांची परंपरा आहे!

काढूनही ती संपत का नाही?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. उबदार, भरपूर खत मिळालेल्या पाण्यात जलपर्णीचे क्षेत्र साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. समजा एक तलाव पूर्ण झाकला गेला आहे आणि पालिकेने 90 टक्के जलपर्णी काढली. उरलेले 10 टक्के 20 होतात, मग 40, मग 80. साधारण दीड महिन्यात तलाव पुन्हा झाकला जातो. आता समजा काम फारच चोख झाले आणि 99 टक्के जलपर्णी निघाली. तरी एक टक्का उरला. त्याला सात वेळाही दुप्पट व्हावे लागत नाही. साधारण तीन महिन्यांत तो जागेवर येतो. 99.9 टक्के काढली तरी पाच महिन्यांच्या आत.

प्रत्यक्षात गर्दी वाढते तशी वाढ मंदावते, थंडीत वेग कमी होतो, त्यामुळे हे दिवस पुढेमागे होतात. पण मुद्दा बदलत नाही. नव्वदवरून नव्याण्णव टक्क्यांवर जाण्यासाठी काठावरच्या, पुलाखालच्या, दलदलीतल्या रोपांमागे माणसे लावावी लागतात, तिथे सगळ्यात जास्त पैसा लागतो, आणि त्या बदल्यात मिळतो फक्त दीड महिना.

याच गणिताची दुसरी बाजू फसवी आहे. तलाव अर्धा झाकला गेला असेल, तर दोन आठवड्यांपूर्वी तो फक्त पाव झाकलेला होता आणि महिन्याभरापूर्वी एक अष्टमांश. त्या वेळी कुणाचीच तक्रार नव्हती. काम सर्वात स्वस्तात झाले असते, तो काळ नेमका कुणाच्या डोळ्यात न येणारा असतो.

त्यात बियांची भर. जलपर्णी मुख्यतः फुटव्यांनी पसरते, पण तिचे बी तळाच्या गाळात 15 ते 20 वर्षे जिवंत राहू शकते. व्हिक्टोरिया सरोवराचा अनुभव याबाबत बोलका आहे. 1998 च्या सुमारास सरोवराच्या केनियातील आखातात जलपर्णीने सुमारे 17 हजार हेक्टर पाणी व्यापले होते. सोडलेले कीटक आणि वादळी हवामान यांमुळे ती झपाट्याने ओसरली. प्रश्न मिटला असे वाटत असतानाच 2006-07 च्या अतिवृष्टीनंतर ती पुन्हा उफाळून आली.

वजनाचाही हिशेब बघण्यासारखा आहे. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. दाट वाढलेल्या एका हेक्टरमधून 200 ते 400 टन ओला पाला निघू शकतो. म्हणजे डंपरच्या दहा खेपांतल्या नऊ खेपा पाणी वाहून नेण्याच्या असतात. डिझेलचे पैसे वाचवायचे म्हणून मग ढीग काठावरच टाकले जातात. तिथे ते कुजतात आणि पहिल्या जोरदार सरीत त्यांतले नत्र-स्फुरद परत तलावात उतरते.

जलपर्णीच्या टोपल्या, कागद, बायोगॅस हा उपाय नाही का?

अशा बातम्या दर काही महिन्यांनी व्हायरल होतात. बचतगटांना त्यातून चार पैसे मिळत असतील तर ते चांगलेच आहे. पण टोपल्यांना लागणारा देठ आणि तलावात वाढणारे हजारो टन यांची तुलनाच होत नाही. शिवाय शहरी नदीतल्या जलपर्णीने सांडपाण्यातले जड धातू शोषलेले असू शकतात. तिचे खत भाजीला घालण्याआधी तपासणी लागते. आणि एखाद्या उद्योगाला वर्षभर कच्चा माल हवा असेल, तर जलपर्णी संपावी असे त्याला का वाटेल, हा प्रश्नही उरतोच.

मग मूळ दुखणे सांडपाणीच ना?

जलपर्णीच्या बाबतीत बऱ्याच अंशी हो. स्वच्छ, कमी पोषकद्रव्यांच्या पाण्यात ती तगते, पण फोफावत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती 20,236 दशलक्ष लिटरवर. बाकीचे नाले, नद्या आणि तलावांतच जाते. मुंबईतील पवई तलाव 1891 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला. आज त्यात दररोज सुमारे 1 कोटी 80 लाख लिटर सांडपाणी मिसळते. हे वळवण्याचे काम पूर्ण होईपर्यंत तिथे कितीही यंत्रे उतरवली तरी ती एका अर्थाने खत घालून घेतलेल्या पिकाची कापणीच करणार.

पण सगळा दोष सांडपाण्यावर टाकून मोकळे होण्यातही धोका आहे. सांडपाणी हे खत झाले; बी कुठून येते? तलाव स्वच्छ असला तरी त्यात मासा, कासव किंवा पाणवनस्पतीचा तुकडा पोहोचला की नवे आक्रमण सुरू होऊ शकते. तिथे सांडपाणी प्रक्रिया केंद्र काही करू शकत नाही.

शिरकावाच्या वाटा कोणत्या?

पहिली वाट म्हणजे वरून येणारे पाणी. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, इंद्रायणी तुळापूरला भीमेला, आणि भीमा उजनीत. त्यामुळे सोलापूरची तहान भागवणाऱ्या सुमारे 117 टीएमसीच्या उजनी जलाशयाचे प्रवेशद्वार प्रत्यक्षात पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये आहे. पुण्याने पुढे ढकललेली जलपर्णी इंदापूर, करमाळ्याच्या मच्छीमाराच्या जाळ्यात अडकते. नाशिकमध्येही तेच. गोदावरीत विसर्ग वाढला की वाहून आलेल्या पाणवेली सायखेड्याच्या पुलाला अडकतात, पाण्याचा फुगवटा वाढतो आणि पुलाजवळच्या गावांना पुराची धास्ती. त्याच्या खाली राज्यातले पहिले रामसर स्थळ असलेले नांदूर मध्यमेश्वर आहे. एका महापालिकेची सफाई ही दुसऱ्या तालुक्याची आपत्ती ठरू नये, यासाठी पात्रावर तरंगते अडथळे लावून जलपर्णी जागच्या जागी अडवून उचलणे शक्य आहे. त्यासाठी नदी ही हद्दीप्रमाणे तुकड्यांत न पाहता खोरे म्हणून पाहावी लागते.

दुसरी वाट घरातल्या फिशटँकची. 'टाकी साफ करणारा' म्हणून विकला जाणारा सकर मासा दुकानात बोटाएवढा असतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. वाढून तो हातभर होतो, टाकीत मावेनासा होतो आणि मारवत नाही म्हणून लोक तो जवळच्या तळ्यात सोडतात. तिथे त्याच्या चिलखतासारख्या खवल्यांमुळे त्याला खाणारे फारसे कुणी नसते. तो काठात बिळे करतो, त्यामुळे बांध ढासळतात. पाण्याबाहेरही तो बराच वेळ तग धरतो. पूर्व कोलकात्याच्या पाणथळींपासून उजनीपर्यंत अनेक ठिकाणी तो जाळ्यात येऊ लागला आहे. बाजारात त्याला भाव नाही आणि जाळे मात्र फाटते. एका जाळ्याची किंमत काय असते, हे ज्याचे पोट त्यावर आहे त्यालाच ठाऊक.

लाल कानाच्या कासवाचेही तसेच. मिसिसिपी नदीच्या परिसरातले हे कासव रुपयाच्या नाण्याएवढे असताना विकले जाते. देशी कासवे पाळणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून दुकानदार 'हे विदेशी, हे चालते' असे सांगतात. काही वर्षांत ते ताटलीएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. मग देवळाच्या तळ्यात 'सोडून पुण्य घेतले' जाते. तिथल्या देशी कासवांचे अन्न आणि ऊन खायच्या जागा ते बळकावते.

तिसरी वाट मत्स्यबीजाची, आणि ही सर्वात गुंतागुंतीची आहे.

चिलापी : आक्रमक की अन्नदाता?

भिगवणच्या मासळी बाजारात किंवा महामार्गावरच्या खाणावळीत चिलापीचे नाव घेतले की कुणाला आफ्रिका आठवत नाही. पण चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली. मोझांबिक तिलापिया 1952 मध्ये भारतात आणली गेली. स्वस्त प्रथिने मिळावीत हा हेतू होता. हा मासा दोन-तीन महिन्यांत प्रजननक्षम होतो, वर्षातून अनेकदा वीण करतो आणि मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळत असल्याने पिल्ले जगण्याचे प्रमाण मोठे असते. धोका लक्षात आल्यावर 1959 मध्येच तिच्या प्रसारावर बंदीचा निर्णय झाला. तोवर ती तलावांत पोहोचली होती. नंतर नाईल तिलापियाही आली. आज नियंत्रित अटींवर, शक्यतो एकलिंगी पिल्ले वापरून तिची शेती करण्यास परवानगी आहे.

उजनीतले आजचे अर्थकारण बऱ्याच प्रमाणात याच माशावर उभे आहे. मरळ, वाम, शिंगटा असे भीमेतले देशी मासे कमी झाल्याचे काठावरचे मच्छीमार सांगतात. त्याचे खापर एकट्या चिलापीवर फोडणे अन्यायाचे होईल; धरणाने नदीचा प्रवाह थांबवला, प्रदूषण वाढले, बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लेही उचलली. या सगळ्यात जो मासा घाण पाण्यात, कमी प्राणवायूत तगतो आणि झपाट्याने वाढतो, तो जिंकला. आज चिलापी नष्ट करा असे म्हणणे म्हणजे हजारो कुटुंबांची चूल विझवणे. म्हणूनच आक्रमक प्रजातींबाबतचा निर्णय प्रजाती येण्याआधी घ्यावा लागतो. नंतर ती कुणाच्या तरी रोजीरोटीचा भाग होते आणि प्रश्न निव्वळ पर्यावरणाचा राहत नाही.

थाई मांगूरच्या बाबतीत सरकारने कठोर भूमिका घेतली. आफ्रिकेतलाच हा मांसाहारी मासा देशी मासे फस्त करतो, कोंबडीच्या टाकाऊ मांसावर वाढवला जातो आणि थोड्या ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो. केंद्राने 2000 मध्ये त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनंतर महाराष्ट्रातही साठे नष्ट करण्याच्या मोहिमा झाल्या. तरी चोरट्या तळ्यांच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. खाद्य फुकटात आणि वाढ भरभर, असे गणित असताना केवळ बंदीने धंदा थांबत नाही.

बोट आणि यंत्रांचा काय संबंध?

याचे सर्वात गाजलेले उदाहरण अमेरिकेत आहे. युरोपातून आलेल्या जहाजांच्या तोल सांभाळणाऱ्या पाण्यातून झेब्रा शिंपला तिथल्या महासरोवरांत पोहोचला. 1988 मध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला. बोटाच्या पेराएवढा हा शिंपला पाणीपुरवठ्याच्या आणि वीज केंद्रांच्या नळांत थरांवर थर चढवतो. पुढे ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या सुट्टीच्या बोटींनी त्याला तळ्यातळ्यांत पोहोचवले. त्याचाच भाऊबंद क्वागा शिंपला 2007 मध्ये हूव्हर धरणाच्या लेक मीडमध्ये सापडला.

त्यानंतर तिथे 'स्वच्छ करा, पाणी काढा, वाळवा' ही मोहीम रुजली. मिनेसोटा राज्यात बोट रस्त्याने नेताना तिच्या तळाची बूच काढलेली असावी लागते आणि अंगाला पाणवनस्पती चिकटलेली असेल तर दंड होतो. कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरच्या लेक टाहो सरोवरात 2008 पासून प्रत्येक मोटारबोटीची तपासणी सक्तीची आहे. झेब्रा आणि क्वागा शिंपल्यांना या सरोवराने अद्याप दूर ठेवले आहे. मात्र 2023 मध्ये तिथेही न्यूझीलंडची चिमुकली चिखलगोगलगाय सापडलीच. आणि 2021 मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत फिशटँकसाठी विकल्या जाणाऱ्या शेवाळाच्या गोळ्यांत झेब्रा शिंपले सापडले. दारावर पहारा बसवला तरी खिडकी उघडी राहू शकते.

महाराष्ट्रात हा विषय अजून चर्चेतही नाही. जलपर्यटन मात्र वाढते आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी मुनावळे येथे 2024 मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झाले. सह्याद्रीतल्या ज्या धरणांत शहरी सांडपाणी येत नाही, ती वाचवणे सर्वात सोपे आणि स्वस्त आहे. तिथे उतरणारी बोट याआधी कुठल्या पाण्यात होती, एवढा प्रश्न विचारणे आणि ती धुऊन वाळवणे यासाठी फार मोठा निधी लागत नाही. जेटीवर एक पाइप आणि एक माणूस पुरतो.

जलपर्णी काढणाऱ्या यंत्रांचेही तेच. एका तलावातले काम संपले की तेच यंत्र पट्ट्यांत अडकलेल्या तुकड्यांसह दुसऱ्या तलावात उतरू शकते. काश्मीरच्या वुलर सरोवरात शिरलेल्या अॅलिगेटर वीडसारख्या वनस्पतीला देठाच्या एका पेराचा तुकडा पुरतो.

कीटक सोडून नियंत्रण शक्य आहे का?

शक्य आहे आणि भारतात ते झालेही आहे. केरळमध्ये 'आफ्रिकन पायल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साल्विनियाने कालवे आणि भातखाचरे व्यापली होती. 1980 च्या दशकात तिच्यावरच जगणारा एक भुंगेरा सोडल्यानंतर ती बऱ्याच भागात आटोक्यात आली. जलपर्णीसाठीही नियोकेटिना जातीचे भुंगेरे त्याच दशकात बंगळूरुच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेमार्फत देशात आणले गेले.

अडचण अशी की त्यांना वेळ लागतो. संख्या वाढून परिणाम दिसायला दोन-चार वर्षे जातात. सांडपाण्याने माजलेली जलपर्णी कीटकांच्या वेगापेक्षा जलद वाढते. शिवाय मध्येच यंत्राने सगळे उपसले किंवा तणनाशक फवारले की कीटकही जातात. तणनाशकाने मेलेली जलपर्णी तळाला बसून कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात, तो वेगळाच ताप.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 मध्ये झालेल्या आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीत आक्रमक परक्या प्रजातींची व्याख्या पहिल्यांदा आली. कलम 62 अ नुसार अशा प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार यांचे नियमन किंवा त्यावर बंदी करण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. डिसेंबर 2022 मधील कुनमिंग-मॉन्ट्रियल करारात अशा प्रजातींच्या शिरकावाचे प्रमाण 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. भारत त्यात सहभागी आहे.

पण या व्याख्येत एक मोठी फट आहे. ती 'भारतात मूळची नसलेली' प्रजातीच धरते. गंगेच्या खोऱ्यातले कटला, रोहू, मृगळ हे मासे पश्चिम घाटातल्या नदीसाठी परकेच, पण कायद्याच्या नजरेत देशी. त्यांचे बीज तर सरकारी योजनांतूनच जलाशयांत सोडले जाते. उत्पादनासाठी ते हवे असेलही. निदान ज्या लहान नद्यांत फक्त तिथेच सापडणारे मासे आहेत, त्या वगळल्या पाहिजेत.

दुसरी अडचण जबाबदारीची. एकाच तलावाची जमीन एका खात्याची, पाणी जलसंपदा विभागाचे, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाचा, जलपर्णी पालिकेची आणि सांडपाणी बहुतेक वेळा कुणाचेच नाही. नवा मासा पहिल्यांदा दिसला तर मच्छीमाराने नेमके कुणाला कळवायचे, याचे सरळ उत्तर मिळत नाही.

लवकर कळण्यासाठी काय करता येईल?

तंत्रज्ञान महाग नाही. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची छायाचित्रे दर पाच दिवसांनी, 10 मीटरच्या बारकाव्याने मोफत उपलब्ध आहेत. पवई किंवा कात्रजसारख्या तलावावर हिरवा ठिपका कधी वाढू लागला, हे त्यातून दिसते. म्हणजे 'एक अष्टमांश' अवस्थेतच माणसे पाठवता येतील. पाण्याचा नमुना घेऊन त्यात कोणत्या जिवांचा डीएनए आहे, हे तपासण्याची पद्धतही विकसित झाली आहे. पण पहिली खबर आजही जाळे टाकणाऱ्याकडूनच मिळते. मोबाइलवरून फोटो पाठवण्यासाठी एक क्रमांक आणि त्या फोटोला उत्तर देणारा मत्स्यतज्ज्ञ एवढी सोय असली, तरी बरीच वर्षे वाचतील.

घरगुती पातळीवरची खबरदारी छोटी आहे. नको झालेला मासा किंवा कासव तळ्यात सोडू नये. दुकानात परत द्यावे किंवा दुसऱ्या हौशी व्यक्तीला द्यावे. टाकीतले पाणी आणि वनस्पती नाल्यात ओतण्याऐवजी पाणी कुंडीला घालावे, वनस्पती कडकडीत वाळवून कचऱ्यात टाकावी. गच्चीवरच्या टबात जांभळ्या फुलांसाठी जलपर्णी लावणारेही आहेत. पावसात टब वाहिला की रोप गटारात जाते.

खरा बदल मात्र निविदेच्या अटींत होऊ शकतो. ठेकेदाराचे बिल किती टन जलपर्णी काढली यावर ठरत असेल, तर जलपर्णी जितकी जास्त तितका त्याचा फायदा. त्याऐवजी वर्षातले किती दिवस तलावाचे किती टक्के पाणी मोकळे राहिले, यावर पैसे द्यायचे ठरवले तर तोच ठेकेदार जानेवारीतच काठाकाठाने रोपे शोधत फिरेल. ते टक्के मोजायला उपग्रहाचे चित्र पुरते, वजनकाट्याच्या पावत्यांची गरज उरत नाही. यंत्र दुसऱ्या तलावात नेण्यापूर्वी धुऊन वाळवले पाहिजे आणि काढलेला पाला काठावर पडता कामा नये, या दोन ओळी त्याच करारात घालता येतात. पुढच्या हंगामाच्या निविदा पावसाळा संपता संपता निघतात. त्यांच्या मसुद्यात हे बसवायचे तर ते काम त्याआधीच व्हायला हवे.